वाढतं टेबल

उभ्या उभ्या माणूस किती थकतं ते मला विचारा. जळगावला सोहनलालजींच्या घरी सून म्हणून आले आणि रोज संध्याकाळी एक तर चुलीपाशी, नाहीतर पंगतीत वाढायला उभी. घर जैनांचं. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब जाणार नाही. पुरुष दुकानातून येणार, आधी ते जेवणार, मग आम्ही बायका. उन्हाळ्यात कसंबसं निभायचं. थंडीत, कापसाच्या हंगामात, शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत बाहेर अंधार. माझ्या सासूबाई झमकूबाई भांड्यावर झाकण ठेवत म्हणायच्या, "चला, तेवढंच पुण्य." भुकेल्या माणसाला पुण्य सांगू नये.

हे, म्हणजे माझे यजमान अभयकुमार, आता या वयात नाव घ्यायला कसली लाज, धुळ्याला एका वकिलाकडे जेवून आले आणि त्यांच्या टेबलाचं कौतुक करत बसले. ओढलं की लांब होतं, मधे फळ्या बसतात, घरची सगळी माणसं एकदम जेवतात. मी विचारलं, "बायकासुद्धा?" म्हणाले, "बायकासुद्धा." झालं, त्या दिवसापासून मी यांच्या मागे भुणभुण लावली. मला टेबलाचं काय करायचं होतं? मला उजेडात दोन घास खायचे होते.

धरणगावचे तोताराम मिस्तरी आले. मागच्या चौकात सागाच्या फळ्या पडल्या, रंधा सुरू झाला, धुतलेल्या कपड्यांवर भुसा. असलं टेबल त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ड्रॉवर सरकतो तसे दोन भाग दोन्हीकडे सरकवायचे ठरले. आधी ते सरकेचना. मग सरकलं, तर मधोमध खचलं. "लाकूड बठ्ठं ओलं शे, बाई, मी काय करू?" म्हणत ते कपाळाला हात लावून बसायचे. चहा घेताना पुटपुटायचे, "पाटवर जेवतस बठ्ठा, मंग हाई कसाले?" सगळे पाटावर जेवणाऱ्या घरात टेबल कशाला, ते त्यांना कुठून कळणार? मधे जास्तीचा पाय दिला, खाचांना साबण चोळला, तेव्हा कुठे टेबल रांगेला लागलं.

पहिल्या संध्याकाळी मी ते लांब करून ठेवलं. दुकानातल्या खुर्च्या लावून सगळ्या पुरुषांची ताटं मांडली आणि स्वयंपाकघराकडच्या टोकाला आमच्या दोघींची. मग पोळ्या लाटायला आत गेले. तेवढ्यात ओटीवरून सासऱ्यांनी हमाल बिजलाला हाक मारली, "बिजला, टेबल वाढवून ठेव रे!"

आता आमच्या घरात 'बंद' हा शब्द अशुभ. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. सातपुड्याकडून आलेला बिजला रोज संध्याकाळी 'दुकान वाढव' ऐकून दाराच्या फळ्या लावायचा. त्यानं इमानेइतबारे ताटं उचलली, मधल्या फळ्या काढल्या आणि टेबल मिटवून ठेवलं.

सासरे आत येऊन पाहतात तो काय! पोट धरून हसले. "अरे येड्या, मोठं कर म्हटलं मी." मग दोघांनी ओढायचं, ते अडकायचं, पुन्हा साबण. इकडे खिडकीतलं ऊन पिवळं पडत चाललं. शेवटी उघडलं एकदाचं, ताटं पुन्हा मांडली. ते लांबलचक टेबल पाहून सासरे इतके खूश की म्हणाले, "एवढी जागा रिकामी कशाला? शेजारच्या फुलचंदजींना बोलवा. मुनीमजींनाही बोलवा."

आमच्या दोघींची ताटं मीच उचलून पाहुण्यांसाठी मांडली. एवढा खटाटोप केला आणि पदरात काय पडलं, तर आणखी दोन माणसांना वाढायचं. सासऱ्यांपुढे तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती.

सासूबाई भाजीचं पातेलं घेऊन आल्या. पाहुणे यायचे होते. पातेलं टेबलावर ठेवून त्या फुलचंदजींच्या खुर्चीत बसल्या. सगळ्या पुरुषांच्या देखत, सासऱ्यांच्या समोर. "पाय चालत नाहीत आता," एवढंच बोलल्या. पदर नाकापर्यंत होताच. मग त्यांनी यांच्याकडे मान वळवली.

"अभय, वाढ."

"वाढवलंय की टेबल, बाई." हे आईला बाईच म्हणायचे.

"जेवण वाढ. मला आणि सुनेला. सूर्य काय आपल्यासाठी थांबतो?"

हे सासऱ्यांकडे बघायला लागले. सासरे खिडकीकडे. सासूबाईंनी माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. शेवटी हे उठले. जन्मात कधी डाव हातात धरला नव्हता, अर्धी डाळ माझ्या मनगटावर सांडली. चटका बसला. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. खाली मान घालून भराभर दोन पोळ्या खाल्ल्या. सासूबाईंनी एक खाल्ली आणि सावकाश पाणी प्यायल्या.

पाहुणे आले तोवर बाहेर दिवे लागले होते. त्यांची वाट पाहत ठेवलेलं सासऱ्यांचं ताट तसंच कोरडं होतं. ते उठले आणि सवयीनं, जेवून उठल्यासारखे, हात धुऊन आले.