दारमावशीचं तारण

"ती रमलीये वाळूत. तेवढ्यात मी निघते," असं अर्ध्या शब्दांत आणि अर्ध्या खुणांनी सांगून नव्या मुलीची आई दाराकडे सरकली. दारमावशी बाकावरून उठली आणि दारात उभी राहिली. अंगानं ती चांगली भरलेली होती. ती मधोमध उभी राहिली की कोणाला जायला वाट उरत नसे.

"चोरून जायचं नाही," ती म्हणाली.

"सांगितलं तर रडेल."

"रडू दे की. आता तुमच्यासमोर रडेल. चोरून गेलात तर तुमच्या माघारी रडेल, आणि उद्यापासून खेळताना एक डोळा दारावर ठेवेल. मग तिला धड वाळूही नाही आणि धड आईही नाही."

आईला यातलं कितपत कळलं कोण जाणे. शाळेची भाषा दोघींनाही बेताचीच येत होती. पण दार अडलेलं आहे एवढं तिला कळलं, आणि ती निमूटपणे वाळूच्या पेटीकडे परत गेली.

शाळा आंतरराष्ट्रीय होती, म्हणजे शाळेतलं जवळजवळ कोणीच तिथलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या बदल्या होत आणि सामानाबरोबर मुलं येत. सोमवार उजाडला की छोट्यांच्या वर्गाच्या दाराशी एखादं नवं मूल हमखास उभं असे. अंगात कोरा गणवेश, तोंडात कोणालाच न कळणारी भाषा आणि मुठीत आईच्या कपड्याचं टोक. ते टोक सोडवणं हे दारमावशीचं काम. तिच्या नेमणुकीच्या पत्रात 'सहायक' असा मोघम शब्द होता. दारमावशी हे नाव मुलांनीच पाडलं होतं. शिकवायला वर्गाच्या बाई होत्या. ही दाराजवळच्या बाकावर बसायची, नव्या मुलाला शेजारी बसवायची, आणि त्याला तिची गरज उरली नाही की पुढच्याची वाट बघायची. मोठ्या वर्गांतली मुलं जिन्यात तिच्यासमोरून धडधडत जात. त्यांतल्या कित्येकांनी एके काळी हिच्याच मांडीवर बसून आकांत मांडलेला असे, पण त्यांना त्याचा पत्ताही नसे. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची.

तिची एक पद्धत होती. जाणाऱ्या माणसानं आपली एक वस्तू मुलाच्या हातात तारण ठेवायची. जी घ्यायला परत यावंच लागेल अशी वस्तू. कुठे चाललोय, कधी येणार, ते तोंडानं सांगायचं, आणि एकदा निघालं की मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की मुलाला वाटतं, यांचाच काही भरवसा नाही.

आईनं गळ्यातला रुमाल सोडून मुलीला दिला. मुलीनं तो एकदा पाहिला आणि वाळूत टाकून दिला.

"असले किती आहेत घरी?" दारमावशीनं विचारलं.

आई ओशाळली. "पुष्कळ."

"मग तिलाही ते माहीत आहे. जिच्यावाचून तुमचं अडेल असं काहीतरी द्या. घराची किल्ली आहे?"

"किल्ली दिली तर मी घरात जाऊ कशी?"

"जाऊ नका. फिरा दुपारपर्यंत. गाव नवीन आहे ना, बघून होईल."

मुलीनं किल्ली मुठीत धरली, मूठ पोटाशी घेतली आणि मग मोठ्यानं भोकाड पसरलं. आई पाठ फिरवून चालू लागली. तिचे खांदे हलत होते, पण तिनं मागे पाहिलं नाही. दारमावशीनं मुलीला मांडीवर घेतलं आणि चष्मा काढून पदराला पुसला, कारण पहिल्या रडण्यातलं बरंचसं पाणी नेहमी चष्म्यावरच उडायचं. चष्म्याशिवाय तिला फाटकाशी माणूस उभा आहे की खांब, तेही कळत नसे. म्हणून तो तिनं पुन्हा घातला आणि फाटकाकडे बघत बसली.

फळ्यावर वर्गाच्या बाईंनी त्या आठवड्याचा प्रश्न लिहिला होता. दर सोमवारी सगळ्या शाळेला एकच प्रश्न देण्यात येई आणि शुक्रवारच्या सभेत प्रत्येक वर्ग आपापलं उत्तर सांगे. या वेळचा प्रश्न होता, जागा आपली केव्हा होते? दारमावशीला वाटलं, चार वर्षांच्या पोरांना हे काय विचारायचं. पण ते तिचं खातं नव्हतं.

दारमावशीच्या घरी दाराचं प्रकरण नेमकं उलटं होतं. शाळेत आत यायला रडणारी मुलं, आणि घरात आत न राहणारे वडील.

त्यांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला होता. हल्ली आपण जेवलो की नाही हे त्यांच्या ध्यानात राहत नसे, पण हात काही विसरले नव्हते. मुलगी आणि जावई कुलूप लावून कामावर गेले की ते चमच्याचा दांडा, केसातली पिन, मिळेल ते घेऊन आतून दार उघडत आणि दुकानात जायचं म्हणून चालू लागत. दुकान कधीच मोडलं होतं. एकदा बसच्या ड्रायव्हरनं त्यांना आणून सोडलं. एकदा भर रहदारीत सापडले, गुडघा फुटलेला. मग जावयानं भक्कम म्हणून नवं कुलूप आणलं. ते उघडून झाल्यावर सासऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "माल हलका आहे हो. फसवलं तुम्हाला."

शेवटी त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात ठेवायचं ठरलं होतं. शनिवारी न्यायचं होतं. मंगळवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा दूरच्या गावाहून फोन आला.

"डॉक्टरकडे चाललोय म्हणून सांगा," तो म्हणाला. "ते चहा प्यायला बसले की तुम्ही निघा. उगाच तमाशा नको."

"मी सांगून येणार."

"ताई, सांगून उपयोग काय? घटकाभरात विसरणार ते."

"विसरू देत. मी सांगितलेलं असेल ना."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "आणि तारण काय ठेवशील? घराची किल्ली?"

"ठेवीन की."

"अगं, किल्ली त्यांच्या हातात दिलीस तर तशीच दुसरी घासून आपल्या आधी घरी पोचतील."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले. "मला त्यांना सोडून यायचं नाहीये," ती म्हणाली.

"मला तरी कुठे यायचंय? पण गुडघा बघितलास ना परवाचा?"

तिनं बघितला होता. तिनंच धुतला होता.

शाळेत किल्लीचं काम चोख चाललं होतं. बुधवारी छोट्यांना पोहायला नेलं तेव्हा नव्या मुलीनं ती पाण्यातही सोडली नाही. वर्गाच्या बाईंनी पोहण्याच्या कपड्याला नाडीनं बांधून दिली. गुरुवारी सकाळी आईनं किल्ली दिली, मुलीनं घेतली, दारमावशीच्या शेजारी थोडा वेळ बसली. वाळूच्या पेटीत दोन पोरं कसलातरी खड्डा खणत होती आणि खड्ड्याला पाणी लागलं म्हणून ओरडत होती. मुलगी उठली आणि तिकडे पळाली. किल्ली बाकावर राहिली.

तारण बाकावर राहिलं की आपलं काम झालं, हे दारमावशीला पाठ होतं. दुपारी तिनं ती किल्ली आईच्या हातात दिली.

"विसरली?" आईनं विचारलं.

"विसरली. उद्यापासून खुशाल घरी जा."

आईचा चेहरा उतरला. सगळ्यांचाच उतरतो. दारमावशीला अशा वेळी आईबापांची थोडी गंमत वाटायची. रडतं म्हणून रडायचं आणि रडत नाही म्हणूनही रडायचं. त्या दिवशी मात्र तिला ती गंमत वाटली नाही.

शुक्रवारच्या सभेत मोठ्या मुलांनी जागेबद्दल लांबलचक सांगितलं. नकाशे दाखवले, कोणी स्वतः लिहिलेलं वाचलं. छोट्यांच्या वतीनं एक बोबडा मुलगा ध्वनिक्षेपकाला जवळजवळ चावत म्हणाला, "माझा हुक असला की." वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला हुक होते आणि प्रत्येकावर एक चित्र. बोबड्याच्या हुकावर बदक होतं. सगळं सभागृह हसलं. नव्या मुलीनं मान वळवून दारमावशीकडे पाहिलं आणि बोटानं हवेत मासा काढून दाखवला. तिच्या हुकावर मासा होता.

शनिवारी गाडीतून उतरताना वडिलांनी निवासाच्या फाटकाचं कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि सोडून दिलं. खोली लहान होती, उजेड चांगला होता. दारामागे एक खुंटी होती. दारमावशीनं वडिलांची टोपी त्यांच्याच हातात दिली आणि त्यांनी ती खुंटीला अडकवली.

"बाबा, ही तुमची खोली. इथे राहायचंय तुम्ही."

"आणि तू?"

"मी घरी जाणार. उद्या दुपारी येणार."

"ते का?"

"आम्ही दोघंही दिवसभर घरी नसतो. तुम्ही बाहेर पडता, पडता-झडता, लागतं. कामावर माझा जीव थाऱ्यावर नसतो."

त्यांनी विचार केला. "मग एक चांगलंसं कुलूप लाव की."

"तुमच्यापुढे टिकेल असं कुलूप आणू कुठून?"

ते मनापासून खूश झाले. "ते मात्र खरं," म्हणाले.

तिथल्या सिस्टर दारात येऊन हळूच म्हणाल्या, "मी यांना जेवायला नेते. तेवढ्यात तुम्ही निघा. सगळे तसंच करतात."

"नको. मी सांगितलंय त्यांना."

तिनं चष्मा काढला, घडी केली आणि वडिलांच्या हातात दिला. "हा ठेवा तुमच्याकडे. उद्या येऊन घेईन."

"अगं, तुला दिसणार कसं?"

"म्हणून तर येणार."

त्यांनी चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. "जाऊ नकोस गं," ते म्हणाले.

"येते मी, बाबा," ती म्हणाली आणि निघाली. पायऱ्या दिसेनात म्हणून नवऱ्यानं तिचा हात धरला. वळून पाहिलं असतं तरी तिला काही दिसलं नसतं, पण ती वळली नाही. गाडीत बसल्यावर ती रडली, आणि नवऱ्यानं तिला उगी म्हटलं नाही.

रविवारी नवरा कामावर होता. ती एकटीच गेली, वाट अंदाजानं काढत. सिस्टर दारातच भेटल्या.

"आम्ही धास्तावलो होतो, कुलपाचं ऐकून. पण कालपासून दाराकडे फिरकलेले नाहीत. म्हणतात, मुलगी यायचीये, मी सापडलो नाही तर परत जाईल."

दारमावशीला हायसं वाटलं. इतकं की ती जवळजवळ पळतच खोलीशी गेली. ते खुर्चीत ताठ बसले होते, एक हात खिशावर.

"बाबा."

त्यांनी वर पाहिलं. "या, बसा," ते म्हणाले. "कोणाकडे आलात?"

असा दिवस येणार हे तिला ठाऊक होतं. तो आजच येईल असं वाटलं नव्हतं. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"तुमच्याकडेच."

"कुलूप आणलंय का? आज जमणार नाही हो. मुलगी येणार आहे माझी."

"चष्मा घ्यायला?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो माझाच..." असं म्हणत तिनं हात पुढे केला. त्यांनी खिसा झाकला. रागावले नाहीत, दुसऱ्याची किल्ली मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं त्यांनी तिला समजावलं.

"हात नका लावू, बाई. तिचा आहे तो."

तिनं हात मागे घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "विसरून गेली का?"

"विसरेल कशी? ठेवून गेलीये. त्याच्यावाचून अडतं तिचं. येणार म्हणजे येणार."

सिस्टर दारातून खुणावत होत्या. ती उठून गेली तेव्हा त्या कुजबुजल्या, "झोपले की काढून देऊ का हळूच?"

"नको," ती म्हणाली. "असू दे त्यांच्याकडे."

मग ती परत येऊन बसली. त्यांनी तिला कुलपांच्या गोष्टी सांगितल्या. काही तिनं लहानपणापासून ऐकलेल्या होत्या, त्या तिनं नव्यानं ऐकल्यासारख्या ऐकल्या. तिला फार वाईट वाटत होतं, आणि ते इथे स्वस्थ बसलेत हे बघून बरंही वाटत होतं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती उठली.

"मी निघते आता. पुढच्या रविवारी येईन."

"या की. तेव्हा मुलगीही भेटेल तुम्हाला."

"हो," ती म्हणाली, आणि निघाली, आणि वळली नाही.

थांब्यावर बस आली तेव्हा तिला वरची पाटी वाचता येईना. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिनं विचारलं, ही कुठली बस?

त्यानं वाचून सांगितलं. मग तिचे बारीक केलेले डोळे पाहून म्हणाला, "चष्मा विसरलात वाटतं कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "ठेवून आलेय."