पाकिटातली पावडर

डब्याच्या झाकणाला आतून पांढरं काहीतरी चिकटलेलं — पिठीसाखर असेल... मृण्मयीनं बोटावर घेऊन जिभेला लावलं. दुधाची पावडर. काल त्यांच्याच ग्रुपनं वर्गणी काढून हुदाच्या तान्ह्या मुलीसाठी आणलेली. पाकीट ते केवढं, आणि डब्यात तर चांगली वाटीभर — म्हणजे हे जवळजवळ सगळंच.

"आज काय दिलं गं?" ग्रुपमधला शिवराज गाडी वळवत म्हणाला. "लई मायाळू हाय बाई ती."

सुदानात लढाई पेटली तशी हुदा मुलीला घेऊन पडेगावात शिकणाऱ्या भावाकडे आली होती. नवरा मागेच राहिला, त्याचा फोनही येईनासा झाला. कॉलेजची ही मुलं तिला रोज जेवण पोचवत. पहिल्याच दिवशी धुतलेला डबा परत घेताना मृण्मयी हसून म्हणाली होती — आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं, निदान चिमूटभर साखर तरी घालतात! जिभेला काही हाड? भावानं ते अरबीत सांगितलं, हुदानं गंभीरपणे मान हलवली. मग रोज काहीतरी — खजूर, साखर, चहाची पत्ती... आणि मला आवडायचं ते! आईला दाखवायचे, बघ कशी माणसं आहेत म्हणून. तिच्या घरातलं एकेक संपत चाललंय, हे मला दिसलं कसं नाही?

ती उलट पावली दाराशी गेली. भाऊ चटकन पुढे आला.

"वापस मत करो, दीदी. उस के पास देने को और कुछ नहीं."

"और बच्ची?"

 त्याच्या मागे हुदा उभी होती, ओढणी सारखी करून, ताठ, पाहुणीला निरोप देणाऱ्या घरधनिणीसारखी. आत मुलगी रडत होती.

"शुक्रिया," मृण्मयी म्हणाली, आणि डबा घेऊन निघाली.

उद्या नवं पाकीट आणलं तरी तेही असंच परत येणार... गाडीवर तिला स्वतःचा राग आला, मग चक्क हुदाचा — मी मागितलं होतं का? उद्यापासून शिवराजलाच पाठवावं. परीक्षेचं कारण सांगावं, कोण विचारतंय... असं मनात आल्याबद्दल तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट हलकं वाटलं, खूप हलकं.