थर्मामीटर बिघडलाय म्हणे!

मित्रांनो, जुना आहे मी, मान्य. पण बिघडलेला नाही. ही एक गोष्ट सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आलाय. वीतभर लाकडी पट्टी, तिच्यावर रंगवलेले आकडे, मधोमध काचेची नळी आणि नळीत लाल रेघ, असा मी भिंतीवरचा साधा थर्मामीटर. पुस्तकं बांधायच्या एका कारखान्यात दाराशेजारच्या खिळ्याला मी साठ वर्षं लटकतोय.

मला आणलं थोरल्यांनी. कारखाना त्यांचाच. पुस्तकाच्या पाठीला सरस लावतात ना, तो थंडीत हां हां म्हणता गोठतो. म्हणून त्यांनी नियम घातला, की कामाला हात घालण्याआधी रेघ बघायची, आणि ती अठराच्या खाली असेल तर सरसाच्या भांड्याखालची शेगडी मोठी करायची. झालं, एवढंच माझं काम. सरसाला थंडी किती, ते सांगायचं. माणसांची थंडी सांगायला मला कोणी ठेवलेलं नव्हतं, हे कृपा करून लक्षात असू द्या.

थोरल्यांच्या मुलाला सगळे धाकटा म्हणत; तो थोरल्यांना आबा म्हणे. आज तो अडुसष्ट वर्षांचा आहे, जिना चढताना दोनदा थांबतो, तरी धाकटाच. आठ वर्षांचा होता तेव्हा शाळा सुटली की इथे धावत यायचा आणि रेघ चौदावर दिसली की नाचायचा. खिडकीबाहेर मान काढून तोंडातून वाफ सोडायचा आणि बिडी ओढतोय म्हणून कामगारांना दाखवायचा. आईनं बळेबळे घातलेला स्वेटर रद्दीच्या ढिगात लपवायचा. थंडी सरायला लागली की भोकाड पसरायचा.

तिशीत तोच चौदा त्याला कामाचा वाटायला लागला. घामाचे डाग पडत नाहीत, हात भराभर चालतात, असं म्हणायचा. बाह्या वर सारून, खिडकी सताड उघडी टाकून जुंपायचा स्वतःला. आणि त्या खिडकीखाली बसायचे थोरले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायचं नाजूक काम त्यांच्याकडे. बोटं आखडली की अक्षर हलायचं. एकदा ते म्हणाले, अरे, खिडकी लाव, थंडी वाजतेय. धाकट्यानं खिडकी लावली नाही. माझ्याकडे बोट दाखवलं.

"कालही चौदा, आजही चौदा. थंडी कसली? तुम्ही आता घरीच बसा बघू."

थोरले माझ्याकडे बघत राहिले. मी काय करणार? चौदाला चौदाच म्हणणार! दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. दोन हिवाळे घरात एका खुर्चीवर काढले आणि गेले. त्यांच्याविरुद्ध मला साक्षीला उभं केलं, त्याची चीड मला आजही आहे.

पुढे काय झालं असेल, सांगा पाहू. बरोबर. आता खिडकीखाली धाकटा बसतो आणि कारखाना त्याची मुलगी चालवते. चौतीस वर्षांची, कामाला वाघ, आणि अंगात उष्णता इतकी की भर थंडीत पंखा लावेल. आली की आधी खिडकी उघडते. चौदा बघून म्हणते, वा, काय छान हवा आहे!

आणि हा आत दोन स्वेटर चढवून, वरून शर्ट घालून बसतो. जाड दिसतो म्हणून कोणी हसलं तर जेवण अंगी लागलंय म्हणतो. काय बोलावं या माणसाला! पूर्वी अशी थंडी नव्हती, हा थर्मामीटर बिघडलाय, असं येईल त्याला सांगतो आणि जाता येता मला टिचक्या मारतो. अरे बाबा, साठ वर्षांत मी एका अंशानं हललो नाही, हललास तू! सरळ म्हणावं की नाही, पोरी, मला थंडी वाजते? पण या जागी असं म्हणणाऱ्याला घरी बसवलं होतं, आणि घरी बसणं म्हणजे याला जिवंतपणी मरण. म्हणून तोंडाला कुलूप.

मग त्यानं हद्द केली. एका दुपारी मुलगी पुस्तकं पोचवायला गेली होती. यानं मला खिळ्यावरून काढलं, कागदाची नाजूक पट्टी कापली, तिच्यावर सुबक आकडे काढले आणि माझ्या आकड्यांवर चिकटवली. प्रत्येक आकडा चारनं कमी. हाडाचा कारागीर, सांधा दिसेल तर शपथ! मुलगी परतली, माझ्याकडे बघून दचकली. अगंबाई, दहा? तिनं खिडकी लावली. हा मान खाली घालून कामाला लागला, खूश. आणि मी, जन्मात खोटं न बोललेला, भिंतीवर खोटं बोलत लटकलो.

पण सरसाचं काय? मुलगी आजोबांचा नियम पाळणारी. खिडकी बंद करून खोली वीसवर गेली तरी माझ्यावर दिसणार सोळाच, म्हणून तिनं शेगडी मोठी केली, रोज केली. सरस फार तापला की त्याचा चिकटपणाच जातो. तीन आठवड्यांत एका वाचनालयाची साठ पुस्तकं परत आली, पाठी सुटलेली, पानं लोंबणारी. मुलीचं तोंड एवढंसं झालं. तिनं भांडं तपासलं, ब्रश तपासले आणि शेवटी मला फेकायला काढलं. तेव्हा तिचा अंगठा माझ्यावरून फिरला आणि थांबला. बाईंडरचीच लेक ती. नखानं कड उचलली, पट्टी अलगद निघून आली. आकड्यांचं वळण तिच्या ओळखीचं होतं.

ती चिडली नाही. मला परत खिळ्याला अडकवून त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, थंडी वाजते तर म्हणायचं ना."

"म्हटलं की घरी बसवतात."

"कोण बसवतं?"

त्यानं हातातला ब्रश सरसाच्या भांड्यात ठेवला.

"मी बसवलं होतं. आबांना."

त्यानंतर साठही पुस्तकं दोघांनी मिळून पुन्हा बांधली. काम संपलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो आला, टेबलाशी उभा राहिला आणि नजर चुकवत एकदाचा म्हणाला, "मला थंडी वाजतेय."

मुलगी उठली. खिडकी लावली, त्याचं टेबल एका टोकाला धरून शेगडीजवळ ओढायला लागली आणि त्याला म्हणाली, दुसरं टोक धरा. मित्रांनो, त्या सकाळीही मी चौदाच दाखवत होतो. पण दोघांपैकी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. कोणी थंडी वाजते म्हणालं तर तुम्हीही एवढंच करा. मला विचारू नका.