लायल प्रूइटच्या स्वयंपाकघरातला चोर

वायोमिंगमधल्या ड्राय फोर्क गावाबाहेर नेमबाजीचं मैदान आहे. तिथल्या दुकानात बंदुकीच्या गोळ्या विकणाऱ्या व्हर्नाला लायल प्रूइटचा मनस्वी तिटकारा होता. ती स्वतः नऊ वर्षं सैन्यात नेमबाजी शिकवून आलेली. लायल सैन्याच्या फाटकातूनही आत गेला नव्हता, पण अंगावर कपडे मात्र शिपायाचे, सतरा खिशांचे. दर शनिवारी पन्नास गोळ्या उडवायच्या, कागदाला जेमतेम सात भोकं पाडायची आणि वाऱ्याला शिव्या घालायच्या.

मार्चमध्ये तिनं त्याला सांगून पाहिलं होतं. "लायल, ही सरावाची गोळी आहे. घरातल्या रायफलीत भरून ठेवू नकोस. भिंत म्हणजे तिला कागद. घरासाठी ही मऊ टोकाची ने. लागली की पसरते, त्या मानानं कमी आत जाते. तरीही पलीकडे कोण आहे ते बघूनच चाप ओढायचा."

"मला शिकवतेस, व्हर्ना? गोळी ती गोळी."

"आणि गाढव ते गाढव," ती पुटपुटली आणि त्याच्यापुढे सरावाच्या गोळ्यांचा स्वस्तातला डबा सरकवला.

एप्रिलच्या एका सकाळी तो छाती फुगवून दुकानात आला. चार गिऱ्हाइकं कॉफी पीत उभी होती, त्यांना त्यानं तिथंच गाठलं. "मंगळवारी पहाटे स्वयंपाकघरात चोर शिरला. दांडगा गडी! मी जिन्यावरून एकच गोळी झाडली. पळाला ढुंगणाला पाय लावून."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एकानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात त्याची बायको ओपल आत आली. गाडीत बसून तिला कंटाळा आला होता. "अजून किती वेळ, लायल? शेजारच्या एडिथला नवा फ्रीझर घेऊन द्यायचाय ना आपल्याला?"

"एडिथच्या फ्रीझरला काय झालं?" व्हर्नानं विचारलं.

"गोळी लागली. आमची भिंत, एडिथची भिंत, मग फ्रीझर. सगळं मांस नासलं. एडिथ तेव्हा अंघोळीला गेली होती म्हणून वाचली बिचारी."

"आणि चोर?"

ओपलनं नवऱ्याकडे पाहिलं. "चोर कसला? रॅकून होता, मांजराहून जरा मोठं रानटी जनावर. मांजराचं खाणं खात होता. त्याला तर लागलीही नाही."

कुणीच हसलं नाही. व्हर्नालाही हसू आलं नाही. अंघोळीला गेली नसती तर एडिथचं काय झालं असतं, हेच तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"चालता हो," ती म्हणाली. "पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस. माशी मारायची लायकी नाही तुझी, आणि म्हणे चोर पळवला!"

लायल लालबुंद होऊन निघून गेला. दोन महिन्यांनी पेट्रोल पंपावर व्हर्नाला एक जाहिरात चिकटवलेली दिसली. चाळीस मैलांवरच्या मैदानावर बंदुकीनं घर कसं राखावं याचा वर्ग, शिक्षक लायल प्रूइट.

तिनं तडक तिथं फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. पलीकडच्या माणसानं ती शांतपणे ऐकून घेतली.

"बाई, तुम्हाला त्याचा हेवा वाटणं साहजिक आहे," तो म्हणाला. "प्रत्यक्ष चोराला तोंड दिलेला माणूस आहे तो. वर्ग केव्हाच भरला."