पेटीची भरती

आमच्या गावाहून मोर्शीवरून अमरावतीला जाणाऱ्या खुशालरावांच्या गाडीला सगळे ‘पेटी’ म्हणत. खाली लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक आणि वर मोर्शीच्या सुताराने बांधलेली सागवानी फळ्यांची खोली. दोन्ही बाजूंना बाकं, मागून चढायला लोखंडी शिडी, खिडक्यांना ताडपत्रीचे पडदे. ट्रकचं नाक तसंच राहिल्यामुळे घराला बैलाचं तोंड लावल्यासारखी ती दिसे.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून घरी आले होते. त्या सुट्टीतच माझी आई, जाईबाई, संत्री तोडताना शिडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. मोडलेलं टोक आतून टेकल्यामुळे एका जागी कातडी ताणली जाऊन पांढरी झाली होती. मी दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या, पण मांडी तेवढ्याने स्थिर राहत नाही. ते टोक कातडी फाडून बाहेर आलं असतं, तर पाय वाचण्याची खात्री नव्हती. अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत तिला धक्का न लागू देता न्यायचं होतं.

पेटी सुटायच्या बेतात होती, खच्चून भरलेली. मोर्शीचा बाजार होता त्या दिवशी. बाबांनी धावत जाऊन खुशालरावांना सांगितलं, आणि ते ऐकून लोक आपणहून उतरू लागले.

“उतरा वो सारे! बाईले मोकळं पडू द्या,” मनकर्णाबाई ओरडली. ती अंगाने चांगलीच भरलेली होती.

“तू उतरली तं अर्धी गाडी रिकामी झाली,” नत्थुजी म्हणाले.

“तुहं तोंड उतरलं असतं तं सारी झाली असती!”

दोन बाकांच्या मध्ये आईची खाट ठेवली. बाबा आणि मी दोन टोकं धरून बसलो. गाडी निघाली. गावाबाहेरच्या चाकोरीत उतरली आणि खाट उडाली. आई किंचाळली. दुसऱ्या धक्क्याला मी त्या पांढऱ्या जागेवर तळहात ठेवला. आतलं टोक हाताला लागलं.

“थांबवा!”

खुशालराव मागे आले. “हळूच तं चालवून राहिलो, पोरी.”

“हळू चालवून भागणार नाही, काका. खाली ट्रकचे स्प्रिंगचे पाटे आहेत. मालाचं ओझं असलं तरच ते वाकतात. रिकाम्या गाडीत सगळा धक्का वर येतो.”

“नाचतेच ते रिकामी. म्हनून तं भरल्याबिगर मी हालत नाही, अन् लोक म्हनते खुशालराव हावरा हाय.” त्यांनी कपाळावर हात मारला. “मानसं उतरू द्याले नोको होते.”

बाबा गावाकडे बघत उभे राहिले. लोकांनी आताच आईसाठी जागा सोडली होती. पुन्हा येऊन बसा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? खुशालरावांनी त्यांना विचारलंच नाही. ते पुढे गेले आणि त्यांनी भोंगा दाबून धरला.

वाईट बातमी समजून लोक धावत आले.

“काय झालं वो? गेली का?”

“हाय, जित्ती हाय. पन गाडीले वजन पाह्यजे. रिकामी गाडी तिले मारून राहिली.”

“म्हंजे आमी उतरलो थेच चुकलं?” नत्थुजींनी विचारलं.

“चुकलं.”

“मंग चढा लेकहो!”

बाजाराला निघालेले चढले, आणि ज्यांचं कुठेच काम नव्हतं तेही चढले. कोणाच्या हातात विळा होता. दुर्गाबाईच्या हाताला पीठ लागलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून तिच्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली आणि तिने कामट्या दोन्ही हातांनी धरल्या.

मनकर्णाबाई शेवटी आली. “मले कुठी बसवता?”

“मागच्या चाकांवर, मावशी. तुमच्यासाठी जागा ठेवलीय.”

“आयका! या पेटीत पयल्यांदा कोनी माह्यासाठी जागा ठेवली.”

सगळे हसले. आईचेही ओठ जरा हलले.

पेटी निघाली. आता ती भरल्या बैलबंडीसारखी संथ डुलत होती. माझा तळहात मी उचलला नाही, पण टोक पुन्हा लागलं नाही. मोर्शी आली. खुशालरावांनी गाडी थांबवून मागे पाहिलं. बाजाराला निघालेलेही पिशव्या मांडीवर घेऊन बसून होते. कोणीच उठलं नाही.

“चाल ना बापा,” नत्थुजी म्हणाले. “थांबला काहून?”

अमरावतीला डॉक्टरांनी कामट्या सोडल्या, मांडी नीट पाहिली. कातडी शाबूत होती. पाय राहील, ते म्हणाले. मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा आवारातल्या झाडाखाली सगळी भरती बसलेली होती. दुर्गाबाईने माझ्या हातावरून हात फिरवला. तिच्या बोटांवरचं पीठ वाळलं होतं.

आई पुढे कित्येक वर्षं चालली, किंचित लंगडत. मनकर्णाबाई वाटेत भेटली की चारचौघांत सांगे, “जाईच्या त्या पायात माह्यं वजन हाय बरं!”

“हाय ना, बाई,” आई म्हणे, आणि थांबून तिच्याशी बोलत राही.