टॉलिव्हरचं नाव

होझिया पर्विसने ते गाणं आधी कुणाचं नाव न घेताच रचलं होतं. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात गोऱ्या मुकादमाचं नाव गाण्यात घेण्याइतकं जिवावर कुणी उदार नव्हतं. त्याचा थोरला भाऊ ॲम्झी कापसाच्या वजनावरून मुकादम टॉलिव्हरला उलटून बोलला आणि संध्याकाळी जिनिंगच्या कारखान्यामागच्या चरात त्याचं प्रेत सापडलं. घोड्यावरून पडला, असं सांगून शेरीफने विषय मिटवला. ॲम्झी उभ्या जन्मात घोड्यावर बसला नव्हता.

शनिवारच्या नाचाला होझिया गिटार घेऊन बसे आणि 'खेचरानं माझा भाऊ तुडवला' असं गाई. खेचर म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळायचं. नाचणारे खाली बघायचे.

पुढे तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस मेम्फिसला आला. हॉटेलच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्याने होझियाला यंत्रापुढे बसवलं, व्हिस्की पाजली. होझिया खेचरच गायला.

"बरं आहे, पण जीव नाही त्यात, होझी," तो गोरा म्हणाला. "खरंच खेचर होतं का ते?"

गाव लांब होतं आणि व्हिस्की डोक्यात चढली होती. दुसऱ्या खेपेला होझियाने डोळे मिटले आणि प्रत्येक कडव्यात टॉलिव्हरचं नाव घेतलं. गाणं संपलं तशी त्याची नशा उतरली.

"साहेब, हे बाहेर काढू नका. पहिलंच काढा. माझी आई तिथंच राहते."

"अरे, एवढं कळतं मला. जा तू निवांत."

कंपनीने दुसऱ्या खेपेचंच काढलं.

नाताळला होझिया घरी निघाला, तर गावच्या आधीच्याच स्टेशनावर ओळखीचा हमाल डब्यात चढला.

"पुढं उतरू नकोस, भावा. फर्निचरच्या दुकानात तबकड्या विकतात ना, तिथं तुझी आली होती. टॉलिव्हरची स्वयंपाकीण चुलीपाशी ते गाणं गुणगुणली आणि त्यानं ऐकलं. दुकानातल्या सगळ्या तबकड्या रस्त्यात आणून फोडल्या त्यानं. आता स्टेशनावर माणसं बसवलीत."

"आणि माय?"

"खोपट जाळलं. तिला तुझ्या मावशीनं नेलंय. जिवंत आहे. तू उतरलास, तर तिलाही सोडायचे नाहीत."

गाडी गावात थांबली, तेव्हा होझिया सामानाच्या डब्यात पोत्यांमागे पडून होता. बाहेर कुणीतरी हसत होतं.

तो शिकागोला गेला आणि कत्तलखान्यात डुकरं कापायच्या कामाला लागला. मावशीकडेच आई वारली. तिच्या मातीलाही त्याला जाता आलं नाही. गिटार त्याने विकून टाकली. लग्न झालं, केस पिकले. तो कधीकाळी गायचा, हे त्याच्या बायकोला, ओडेसालाही, ठाऊक नव्हतं.

म्हातारपणी एक दिवस किटरिज नावाचा एक गोरा तरुण दारात उभा राहिला. काखेत फडक्यात गुंडाळलेली तबकडी.

"मिस्टर पर्विस, किती वर्षं शोधतोय मी तुम्हाला. जगात एवढी एकच उरलीय ही."

"कुठं मिळाली तुला?"

"टॉलिव्हरांच्या घरी. त्यांच्या नातीनं दिली."

होझिया खुर्चीत बसला. "त्यानं तर सगळ्या फोडल्या होत्या."

"एक ठेवली होती." पोरगा खुशीत आला होता. "गंमत ऐका. नात सांगत होती, जेवायला पाहुणे आले की आजोबा हमखास ही लावायचे. आपल्यावर कुणी गाणं रचलंय याचं फार कौतुक होतं त्यांना. शेवटपर्यंत ठणठणीत होते म्हणे. झोपेतच गेले."

स्वयंपाकघरात ओडेसाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"लावू का?" किटरिजने विचारलं. "आणि मग तुम्ही एकदा गा. यंत्र आणलंय मी."

"लावू नकोस."

"मिस्टर पर्विस, हे गाणं मोठं आहे. लोकांना कळायला हवं."

"ज्याला कळायला हवं होतं, त्यानं जेवताना ऐकलं," होझिया म्हणाला. "ऊठ आता."

किटरिजने पुढे एका मासिकात लेख लिहिला. म्हातारा भेटला, पण स्वभावाने तिरसट निघाला. आपल्या कलेची त्याला किंमत नाही आणि बहुधा त्याला काही आठवतही नसावं, असं त्यात होतं. होझियाला वाचता येत नव्हतं. ओडेसाने तो लेख अर्धाच वाचून दाखवला.