मिठाच्या काट्याची साक्ष

मित्रांनो, मी एक मीटर आहे. विजेचा नाही आणि टॅक्सीचाही नाही. मी पाण्यातलं मीठ मोजतो. पंज्याएवढी पारदर्शक डबी, आत एक पांढरा काटा आणि काट्यासमोर हिरवी पट्टी, एवढाच माझा संसार. डबीत पाणी भरलं की पाणी जितकं खारट, तितका काटा वर जातो. तो हिरव्या पट्टीत थांबला, की समुद्रातल्या माशाने खुशाल राहावं. सल्ला देणं माझं काम नाही. मी आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

साच्यातून निघालो तो थेट एका मासेवाल्या काकूंच्या दुकानात खिळ्याला लटकलो. या काकू शोभेचे मासे विकत. समोर टाक्यांची रांग, खाली ओली फरशी आणि दिवसभर पंपांची गुणगुण. कंटाळा येण्याइतका काळ मी तिथे काढला.

एके दिवशी एक बाबा आणि त्यांची लेक आली. लेकीला दमा होता. डॉक्टरांनी मांजर-कुत्र्याला साफ मनाई केली होती.

"केस नसलेलं कोणीतरी हवंय," ती काकूंना म्हणाली.

"मग आमच्याकडे सगळेच टकले आहेत," काकू म्हणाल्या.

तिचं बोट नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एका समुद्री माशावर गेलं आणि तिथेच राहिलं. बाबांनी लगेच सगळ्यात छोटी टाकी उचलली. काकूंनी ती हातातून काढून घेतली.

"अहो, छोटी म्हणजे सोपी नव्हे. मूठभर पाणी लगेच बिघडतं. जरा मोठी घ्या, ती चार चुका पचवते."

मग मधली टाकी ठरली. वाळू आली, भोकाभोकांचे दगड आले, पाणी कोमट ठेवणारा हीटर, पाणी फिरवणारा पंप, निळसर दिवा आणि मिठाची पिशवी. मासा मात्र काकूंनी दिला नाही. "आधी पाणी मुरू दे. घाई केलीस तर मासा मरेल," त्या म्हणाल्या. लेकीचा चेहरा एवढासा झाला. "आणि पाणी उडून कमी झालं, की वरून साधं पाणी घालायचं. पाणी उडतं, मीठ कुठे जात नाही."

"मोजायचं कशाने?" बाबांनी विचारलं आणि मला खिळ्यावरून काढलं. ते कारखान्यात लेथवर काम करत. केसाच्या जाडीइतका फरक पकडणारी त्यांची मापं रोज पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत जात. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, कारण ते कोणालाही हेच सांगत. असा मालक मिळाला म्हणून मी खूश झालो. मित्रांनो, दिव्याखाली अंधार असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाणी मुरलं. मासा आला, लेकीने त्याचं नाव गाजर ठेवलं. पाठोपाठ दोन गोगलगायी आल्या आणि छत्रीसारखं उघडणारं एक मऊ प्रवाळही आलं. गाजर दिवसभर प्रवाळाभोवती घुटमळायचा आणि लेक टाकीभोवती. शाळेतून आली, की दप्तर टाकायच्या आधी काचेला नाक. माझे ते दिवस मानाचे होते. "काटा बघा, जागचा हलत नाही!" असं बाबा पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

पण माप घेऊन झालं, की बाबा मला तसाच ओला खिडकीत ठेवत. पाणी वाळायचं आणि क्षार माझ्या काट्यावर बसायचा. रोज थोडा. हळूहळू त्याचा कडक थर झाला, काटा जड झाला आणि खाली राहू लागला. बाबा म्हणाले, "मीठ कमी झालंय," आणि त्यांनी मीठ घातलं. थर वाढला, काटा आणखी खाली. त्यांनी आणखी घातलं.

प्रवाळ मिटलं. एक गोगलगाय मेली. गाजर कोपऱ्यात उभा राहून धापा टाकू लागला.

"अहो, ते माप राहू द्या, त्या जिवाकडे बघा जरा," आई म्हणाली.

"काटा हिरव्यात आहे. माप खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. "मीठ बरोबर आहे. मग उरलं काय? हिचं खाणं घालणं. सारखी डबा घेऊन उभी असते. पाणी नासवलंन हिने."

"मी चिमूटभरच घालते, बाबा."

"मग मासा आजारी कशाने पडला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी खिडकीत बसून पाहिलं. तिने खाण्याचा डबा आईच्या हातात दिला आणि पुन्हा मागितला नाही. "मासा परत देऊन टाकतो. तुझ्याकडे जीव सांभाळायची अक्कल नाही," बाबा म्हणाले. मला वाईट वाटलं. मापांना वाईट वाटत नाही असं म्हणतात, पण मला वाटलं.

सुट्टीच्या दिवशी गाजर बादलीत बसून दुकानात निघाला. सोबत मी, बाबांच्या खिशात. मीठ ठीक होतं हे सांगायला साक्षीदार नको का?

काकूंनी मासा घेण्याआधी बादलीतला एक थेंब आपल्या मीठ मोजायच्या काचेच्या नळीवर टाकला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. "अगं बाई! अहो, हे समुद्राचं पाणी आहे की मिठागराचं?"

बाबांनी मला पुढे केलं. काकूंनी त्यांच्या चांगल्या टाकीतलं पाणी माझ्यात भरलं. काटा वर यायला तयार होईना. मी तरी काय करणार? काकूंनी नखाने काटा खरवडला. पांढरा कपचा निघाला.

"धुतला कधी होता?"

"रोज पाण्यातच तर बुडवतो."

"खाऱ्या पाण्यात! मग साध्या पाण्याने कोण धुणार, मी येऊ?"

बाबांनी बादली आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "मासा देत नाही. परत नेतो."

"न्या. पण पाणी एकदम गोडं करू नका. रोज थोडं खारं काढा, तेवढंच साधं घाला."

घरी लेक गाजर नसलेल्या टाकीकडे पाठ करून बसली होती. बाबांनी बादली तिच्यासमोर ठेवली. "पाणी मी बिघडवलं. तू नाही."

तिने गाजरकडे पाहिलं, मग बाबांकडे. "मावशीला फोन करून सांगा."

"मावशीला कशाला?"

"तिला तुम्हीच सांगितलंत ना, मी मासा मारायला घेतलाय म्हणून. मी ऐकलं होतं."

बाबांनी फोन लावला. सगळं सांगितलं, मिठापासून माझ्यापर्यंत. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फोन संपला, तेव्हा लेक रडत होती आणि बाबांचेही डोळे भरले होते.

प्रवाळ पुन्हा उघडलं, गाजर खाऊ लागला. मेलेली गोगलगाय मात्र परत आली नाही. आता मला रोज साध्या पाण्याने धुतात.

मित्रांनो, मला काही मागायचं नाही, माझं भागतं. पण तुमच्या घरात एखादा काटा कोणाकडे बोट दाखवत असेल, तर त्या माणसाला रडवण्याआधी काटा एकदा धुऊन बघा.